नवे ग्राफिक्स कार्ड आणि जुना मदरबोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संपूर्ण संगणक बदलायचा नाही, फक्त ग्राफिक्स कार्ड नवे घ्यायचे आहे, असे ठरवलेल्या वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ग्राफिक्स कार्ड ज्या मानकाने मदरबोर्डाला जोडले जाते त्या पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्यांचा उल्लेख पुढे नुसता २.०, ३.०, ४.० असा केला आहे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्डाच्या खोक्यावर ५.० लिहिले आहे आणि माझ्या मदरबोर्डाचा स्लॉट ३.० आहे. कार्ड चालेल का?

चालेल. पहिली पिढी २००३ मध्ये ठरली, तेव्हापासून १६ लेनच्या (लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याची वाट) स्लॉटचा आकार आणि कार्डाच्या कडेवरील सोनेरी पट्ट्यांची मांडणी बदललेली नाही. हे योगायोगाने घडलेले नाही. हे मानक ठरवणाऱ्या पीसीआय-एसआयजी या संस्थेने प्रत्येक नव्या पिढीत मागच्या पिढ्यांशी जुळवून घेण्याची अट पाळली आहे. संगणक सुरू होताना कार्ड आणि मदरबोर्ड कितीही नवे असले तरी त्यांचा संवाद आधी पहिल्या पिढीच्या संथ वेगानेच सुरू होतो, आणि ओळख पटल्यावर दोघांनाही झेपेल अशा सर्वांत वरच्या वेगावर तो नेला जातो. त्यामुळे ५.० चे कार्ड ३.० च्या स्लॉटमध्ये ३.० च्या वेगाने निमूटपणे काम करते. कार्ड अडते तेव्हा अडवणारा बहुधा स्लॉट नसतो. बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डावरील प्रोग्रॅम (प्रश्न ५), वीज (प्रश्न ७) किंवा कॅबिनेटमधील जागा (प्रश्न ८) असते.

२. माझा स्लॉट कोणत्या पिढीचा आहे हे पाहून ओळखता येते का?

नुसते पाहून येत नाही, कारण सर्व पिढ्यांचे स्लॉट दिसायला सारखेच असतात. मदरबोर्डाचा मॉडेल क्रमांक पाहून उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधणे हाच खात्रीचा मार्ग आहे, मात्र तेथेही एक गोष्ट नजरेतून सुटते: मुख्य ग्राफिक्स स्लॉटच्या लेन आजकाल थेट प्रोसेसरमधून येतात, म्हणून पिढी ठरवताना मदरबोर्डाइतकाच प्रोसेसरही पाहावा लागतो. बी५५० बोर्ड ४.० चा आहे म्हणून निर्धास्त झालेल्या अनेकांच्या बोर्डावर रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी असतो, आणि हे दोन्ही प्रोसेसर ३.० पर्यंतच जातात. उलटही घडते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला ३.० येत असूनही एच८१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप) बोर्ड ग्राफिक्स स्लॉटला २.० पुरतेच ठेवतात, आणि जुन्या कार्यालयीन संगणकांत हाच चिपसेट वारंवार सापडतो.

सर्वसाधारण अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे. घरगुती संगणकांत ४.० प्रथम २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेसोबत एक्स५७० बोर्डांवर आले. इंटेलकडे ते २०२१ मध्ये ११ व्या पिढीसोबत आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस १२ व्या पिढीने ५.० आणले. एएमडीचे ए३२०, बी४५० आणि एक्स४७० हे बोर्ड ३.० चे आहेत.

३. जुन्या स्लॉटमुळे कामगिरी किती घटते?

१६ लेन वापरणाऱ्या कार्डाच्या बाबतीत घट बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. १६ लेनच्या स्लॉटची एका दिशेची क्षमता १.० मध्ये सेकंदाला ४ गिगाबाइट, २.० मध्ये ८, ३.० मध्ये सुमारे १६, ४.० मध्ये सुमारे ३२ आणि ५.० मध्ये सुमारे ६३ गिगाबाइट आहे. आकडे दर पिढीला दुप्पट होत असले तरी खेळाचा वेग दुप्पट होत नाही, कारण खेळ चालू असताना लागणारी चित्रसामग्री एकदा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत उतरली की बहुतांश काम कार्डाच्या आतच होते आणि स्लॉटवरून तुलनेने थोडीच वाहतूक होते. आरटीएक्स ४०९० किंवा ५०९० यांसारखी सर्वांत वेगवान कार्डेही १६ लेनच्या ३.० स्लॉटमध्ये बहुतेक खेळांत एकेरी टक्क्यांतच मागे पडतात. शिवाय अशा संगणकातला जुना प्रोसेसर कार्डाला त्याहून कितीतरी अधिक मागे खेचतो.

हे चित्र दोन प्रसंगी बदलते: कार्ड कमी लेनचे असेल तेव्हा (प्रश्न ४) आणि कार्डाची मेमरी अपुरी पडेल तेव्हा. मेमरी भरली की उरलेली सामग्री संगणकाच्या रॅममधून पुन्हा पुन्हा आणावी लागते, आणि ती स्लॉटवरूनच येते.

४. स्वस्त कार्डांत ८ किंवा ४ लेन असतात असे ऐकले. जुन्या बोर्डावर त्याचा काय परिणाम होतो?

माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. मध्यम आणि स्वस्त कार्डांच्या जोडणीची लांबी १६ लेनच्या स्लॉटइतकीच असते, परंतु आतून अनेकदा ८ लेनच जोडलेल्या असतात. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय, एएमडीचे आरएक्स ६६०० आणि ७६००, इंटेलचे आर्क बी५८० ही सर्व ८ लेनची कार्डे आहेत. नव्या बोर्डावर पिढीचा वेग जास्त असल्याने ८ लेन पुरतात. मात्र जुन्या बोर्डावर पिढी खाली येते, पण लेन वाढत नाहीत. ४.० वर सुमारे १६ गिगाबाइट मिळवणारे आरटीएक्स ४०६० हे ३.० वर ८ गिगाबाइटवर येते आणि एच८१ सारख्या २.० च्या बोर्डावर ४ वर, म्हणजे मूळ क्षमतेच्या एक चतुर्थांशावर. मागची १६ लेनची कार्डे याच बोर्डावर ८ गिगाबाइट मिळवत होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे आहे. त्याला लेन ४ आणि मेमरीही ४ गिगाबाइट. मेमरी लवकर भरणार आणि भरल्यावर वाट अरुंद, असा दुहेरी अडथळा झाल्याने ३.० च्या बोर्डांवर त्याची कामगिरी अनेक खेळांत लक्षणीयरीत्या घसरली. गंमत अशी की ज्या ग्राहकांकडे जुने बोर्ड होते, त्यांच्याच खिशाला परवडेल अशी त्याची किंमत होती. हेच कार्ड २.० च्या स्लॉटमध्ये बसवल्यास त्याला सेकंदाला २ गिगाबाइट मिळतात, म्हणजे २००२ मधल्या ८ पट वेगाच्या एजीपीइतकेच.

म्हणून बोर्ड ३.० चा असेल तर ८ लेनचे कार्ड घेण्यास हरकत नाही, मात्र मेमरीत काटकसर करू नये: आरटीएक्स ५०६० टीआयच्या ८ आणि १६ गिगाबाइटच्या आवृत्त्यांपैकी जुन्या बोर्डासाठी १६ ची घ्यावी. आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, ही त्याची जुन्या बोर्डावरची जमेची बाजू आहे. बोर्ड २.० चा असेल तर प्रश्न १० पाहावा.

५. कार्ड नीट बसले, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. कार्ड खराब आहे का?

कार्ड परत करण्याआधी बायोस तपासावे. संगणक सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वी, पडद्यावर चित्र आणण्यासाठी ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये एक लहान प्रोग्रॅम साठवलेला असतो, आणि मदरबोर्डाने तो चालवावा लागतो. २०१२ च्या आसपासपर्यंतचे बरेचसे बोर्ड जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालत. त्यानंतर यूईएफआय ही नवी पद्धत रूढ झाली आणि दोहोंत दुवा म्हणून बोर्डांवर सीएसएम नावाची सोय ठेवली गेली. आजची कार्डे यूईएफआय गृहीत धरून तयार केली जातात. सुरुवातीच्या यूईएफआय बोर्डांवर, किंवा सीएसएम चालू राहिलेल्या बोर्डांवर, ओळख पटण्याची ही पहिलीच पायरी फसते आणि पडदा काळा राहतो.

उपाय या क्रमाने करावेत. जुने कार्ड किंवा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स वापरून संगणक सुरू करावा. मदरबोर्डाचे बायोस उत्पादकाच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत अद्ययावत करावे. त्यानंतर सीएसएम बंद करावे. शेवटच्या पायरीत एक धोका आहे. विंडोज जर जुन्या, एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद करताच ते सुरूच होत नाही. विंडोज १० पासून सोबत येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कचे रूपांतर करता येते, पण त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवावी.

हा त्रास केवळ फार जुन्या बोर्डांपुरता नाही. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय आल्यावर काही बोर्डांवर पुन्हा सुरू करताना पडदा कोरा राहत असल्याने एनव्हिडियाला कार्डाचे फर्मवेअर बदलणारे स्वतंत्र साधन प्रसिद्ध करावे लागले.

६. रिसायझेबल बार नसेल तर नवे कार्ड चालते का?

एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डे चालतात. कामगिरीत खेळानुसार थोडा फरक पडतो. इंटेलच्या आर्क कार्डांचे मात्र तसे नाही. पूर्वी प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीचा एका वेळी २५६ मेगाबाइटचाच तुकडा दिसत असे. रिसायझेबल बारमुळे संपूर्ण मेमरी एकदम दिसते, आणि आर्क कार्डांची रचनाच ही सोय गृहीत धरून झालेली आहे. ती नसेल तर वेग इतका घटतो आणि खेळ इतके अडखळतात की आर्क घेण्यात अर्थ उरत नाही. इंटेलची स्वतःची शिफारस १० व्या पिढीच्या आणि त्यापुढील प्रोसेसरांची आहे. बी४५० आणि एक्स४७० बोर्डांना बायोस अद्ययावत केल्यावर ही सोय मिळते. ती चालू करण्यासाठी सीएसएम बंद असावे लागते, तेव्हा प्रश्न ५ मधील डिस्कविषयीचा इशारा येथेही लागू आहे.

७. स्लॉट जुना असल्याने कार्डाला वीज कमी मिळेल का?

१६ लेनच्या ग्राफिक्स स्लॉटची मर्यादा जुन्या आणि नव्या बोर्डांवर सारखीच, ७५ वॅट आहे. त्यावरची वीज कार्ड थेट एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) घेते: ६ पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट आणि नव्या १६ पिनांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत. खरा प्रश्न स्लॉटचा नसून एसएमपीएसचा असतो. आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॅट घेऊ शकते आणि त्यासाठी एनव्हिडिया १००० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेला ४५० वॅटचा आकडा विश्वासाने वाचू नये.

अपवाद ब्रँडेड कार्यालयीन संगणकांचा आहे. त्यांतील काही लहान आकाराच्या मॉडेलांत उत्पादकाने स्लॉटची वीज ७५ वॅटपेक्षा खाली बांधलेली असते आणि एसएमपीएसच्या जोडण्याही स्वतःच्या पद्धतीच्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे बाजारातला दुसरा एसएमपीएस बसत नाही. अशा संगणकाची सेवापुस्तिका वाचल्याशिवाय कार्ड विकत घेऊ नये.

८. स्लॉट जुळला तरी कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल याची खात्री कशी करावी?

मोजपट्टीने. कार्डाची लांबी, उंची आणि जाडी उत्पादकाच्या पानावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तीन स्लॉट जाडीचे कार्ड जुन्या बोर्डावरील साटाच्या (डिस्क लावण्याच्या) जोडण्या आणि खालचे स्लॉट झाकून टाकते, हे आधी पाहावे.

९. विंडोज ७ वर नवे कार्ड चालेल का?

नाही. एनव्हिडियाने विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी नव्या कार्डांचे ड्रायव्हर देणे २०२१ मध्ये थांबवले. आरटीएक्स ४० आणि ५० या मालिकांसाठी असे ड्रायव्हर कधीच नव्हते. ३२-बिट विंडोजचाही विषय त्याआधीच संपला आहे.

१०. कार्यालयातून निघालेला चौथ्या पिढीच्या आय५ चा संगणक स्वस्तात मिळाला आहे. त्यात कोणते कार्ड घालावे?

लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या दुकानातून असे नूतनीकृत संगणक घेतलेल्या वाचकांचा हा प्रश्न दर महिन्याला येतो. बोर्ड एच८१ असेल तर स्लॉट २.० आहे, एसएमपीएस लहान आहे आणि प्रोसेसरला ४ कोअर आहेत. तिन्ही मर्यादा एकाच दिशेने बोट दाखवतात: जादा वीजजोडणी न लागणारे कार्ड घ्यावे. जीटीएक्स १६५० हे ३.० चे असले तरी त्याला पूर्ण १६ लेन असल्याने २.० वरही ८ गिगाबाइट मिळतात. मात्र त्याच्या काही आवृत्त्यांना ६ पिनांची जोडणी लागते, ती टाळावी. ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचे आहे आणि स्लॉटच्या विजेवरच चालते, पण त्याला ८ लेन आहेत. मेमरी जास्त असल्याने मी तरीही दुसऱ्याकडे झुकेन. याहून महाग कार्ड या संगणकात घालणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडणे होय.

११. वरचा स्लॉट खराब झाला आहे. कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये चालेल का?

चालेल, पण त्या स्लॉटच्या लांबीवर विश्वास ठेवू नये. बहुतेक बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट आतून ४ लेनचाच असतो आणि त्या लेन प्रोसेसरऐवजी चिपसेटमधून येतात. जुन्या बोर्डांवर तर त्या एक पिढी मागच्याही असतात. स्लॉटमध्ये डोकावून पाहिल्यास पितळी पट्ट्या अर्ध्यावरच संपलेल्या अनेकदा दिसतात. ४ लेनवर काय होते ते प्रश्न ४ मध्ये आले आहे.

१२. एनव्हीएमई एसएसडी बसवल्यापासून कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर चालते. काय बिघडले?

काहीही बिघडलेले नाही. काही बोर्डांवर एम.२ ची (एसएसडी बसवण्याची) एक जागा आणि ग्राफिक्स स्लॉट एकाच लेनसमूहातून वाटून घेतात, आणि त्या जागेत एसएसडी बसली की कार्डाच्या ८ लेन काढून घेतल्या जातात. इंटेलच्या ज्या झेड६९० आणि झेड७९० बोर्डांवर ५.० ची एम.२ जागा आहे, तेथे हे सर्रास आढळते. एसएसडी दुसऱ्या जागेत हलवावी. एसएसडी नसतानाही लेन कमी दिसत असतील तर संगणक बंद करून, वायर काढून, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून कार्ड पुन्हा बसवावे. माझे स्वतःचे कार्ड एका पावसाळ्यानंतर ४ लेनवर आले होते आणि एवढ्याच उपायाने पूर्ववत झाले.

१३. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्लॉटचा वेग १.१ दिसतो. दुकानदाराने फसवले का?

फसवलेले नाही. कार्ड रिकामे असताना वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग खाली आणते. त्या रकान्याशेजारील प्रश्नचिन्हावर टिचकी देऊन चाचणी चालू केल्यावर जो आकडा दिसतो, तो खरा. लेनची संख्या मात्र सहसा रिकाम्या स्थितीतही पूर्ण दिसते. ती कमी असेल तर प्रश्न १२ पाहावा.

१४. कार्ड उभे लावण्यासाठी जुनी रायझर केबल वापरली, आता खेळताना पडदा काळा होतो.

प्रश्न १ मधील ‘आपोआप जुळवून घेण्याच्या’ नियमाला पडणारा हा खरा अपवाद आहे. कार्ड आणि मदरबोर्ड एकमेकांची पिढी विचारतात, पण मधल्या केबलला काही विचारण्याची सोय नाही, कारण ती नुसती तार आहे. कार्ड आणि बोर्ड दोन्ही ४.० चे असतील तर ते ४.० वर एकमत करतात आणि ३.० साठी बनलेल्या केबलमधून तो संदेश नीट पोहोचत नाही. बायोसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग स्वतः ३.० वर बांधावा. केबलमुळे पडदा सुरुवातीपासूनच काळा असेल तर आधी कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवून हा बदल करावा.

१५. माझ्याकडे एजीपी स्लॉटचा जुना संगणक आहे. त्यासाठी नवे कार्ड मिळेल का?

मिळणार नाही. एजीपी हा १९९७ मध्ये बाजारात आलेला वेगळ्या रचनेचा स्लॉट आहे, आणि त्यात पीसीआय एक्सप्रेसचे कार्ड बसत नाही. संक्रमणाच्या काळात, २००४ नंतर काही वर्षे, उत्पादकांनी नव्या चिप मधल्या सेतूचिपच्या साहाय्याने एजीपी कार्डांवर बसवून विकल्या. जीफोर्स ७८०० जीएस आणि रेडिऑन एचडी ३८५० च्या एजीपी आवृत्त्या अशाच होत्या. त्यानंतर ती वाट बंद झाली. जुने कार्ड शोधताना व्होल्टेजची खाच जुळवून घ्यावी: ३.३ व्होल्टचे कार्ड १.५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून खाचा वेगळ्या जागी असतात, त्या कापून कार्ड बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये.

१६. उलट प्रश्न: जुने कार्ड नव्या मदरबोर्डावर चालेल का?

विजेच्या आणि आकाराच्या दृष्टीने चालेल, पण येथे प्रश्न ५ उलटा होतो. २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांत यूईएफआयसाठीचा प्रोग्रॅम नसतो, आणि अनेक नव्या बोर्डांवर सीएसएमची सोय उरलेली नाही किंवा बंद ठेवलेली असते. त्यामुळे विंडोज येईपर्यंत पडदा कोरा राहतो किंवा संगणक सुरूच होत नाही.

१७. पुढे ६.० आणि ७.० आल्यावर आजचा स्लॉट कालबाह्य होईल का?

६.० चे मानक जानेवारी २०२२ मध्ये आणि ७.० चे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ६.० पासून संकेत पाठवण्याची पद्धतच बदलली आहे: दोन पातळ्यांऐवजी चार पातळ्यांचे व्होल्टेज वापरून एका वेळी दोन बिट पाठवले जातात. तरीही मागील पिढ्यांशी जुळवून घेण्याची अट दोन्ही मानकांत कायम आहे. घरगुती कार्डे अजून ५.० वरच आहेत.

१८. असे एखादे नवे कार्ड आहे का, जे साध्या मदरबोर्डावर अजिबात चालत नाही?

आहे. असुसने बीटीएफ नावाच्या मालिकेत अशी कार्डे काढली, ज्यांना वीज केबलने न मिळता स्लॉटच्या मागे असलेल्या दुसऱ्या जोडणीतून, म्हणजे थेट मदरबोर्डातून मिळते. त्या मालिकेतील सुरुवातीच्या आरटीएक्स ४०७० सारख्या कार्डांवर केबलची जोडणीच नाही, त्यामुळे ती बीटीएफ मदरबोर्डाशिवाय निरुपयोगी ठरतात. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या आवृत्तीत ही जादा जोडणी काढून ठेवता येते आणि नेहमीची केबलही लावता येते. वापरलेले बीटीएफ कार्ड स्वस्तात दिसल्यास ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे विक्रेत्याकडून छायाचित्र मागवून पाहावे: सोनेरी पट्ट्यांच्या मागे आणखी एक पट्टी असेल आणि वरच्या कडेला केबलची जागा नसेल, तर ते सुरुवातीच्या मालिकेतले आहे.